दोन सीटची गाडी, चार म्हातारे

जुनी गाडी घरात असली की तिच्यात पेट्रोल कमी आणि किस्से जास्त साठतात. कोणी भेटलं की विचारायचं, "काय वकीलसाहेब, गाडीचं काय ठरलं?" मी म्हणायचो, "अजून काही नाही," आणि भरपाई म्हणून एक किस्सा सांगायचो. हळूहळू लोकांनी गाडीचं विचारणं सोडलं आणि नुसता किस्साच मागायला लागले. आता मागणारेही कमी झालेत. म्हणून न मागता सांगतो.

* * *

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवचा सुमार असेल. मी नाशकात इन्कम टॅक्सची कामं करायचो. काळा कोट जन्मात घातला नाही, तरी लोक वकीलसाहेब म्हणायचे. देवळालीला एक पारशी डॉक्टर होते, ते गेल्यावर त्यांच्या पत्नीचे, खोर्शेदबाईंचे, कागद माझ्याकडे असायचे. बंगल्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये डॉक्टरांची विलायती स्पोर्ट्स कार पडून होती. लांबलचक नाक, दोनच सीट, वर फाटकं कापडी टप आणि चारही टायर जमिनीला टेकलेले.

बाईंना गाडी द्यायची होती, पण माणूस पारखून. येईल त्याला एकच प्रश्न. "तू एचा काय करणार?" एक जण म्हणाला, नवी करून विकणार. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. दुसरा म्हणाला, नवी करून रोज फिरवणार. त्यालाही फाटक दाखवलं, कारण डॉक्टर सोडून ती कोणी फिरवणं बाईंना मंजूर नव्हतं. मी बिचारा सह्या घ्यायला गेलेलो. मलाही विचारलं. मी खरं ते सांगितलं, की मला पटकन काही ठरवता येत नाही, विचार करावा लागेल.

"तूच घेऊन जा," बाई म्हणाल्या. "डॉक्टर बी अस्साच होता."

गाडी आणायला पिंपळगाव बसवंतचे अप्पा मोरे आले. द्राक्षाचे बागायतदार, आधी माझे पक्षकार आणि नंतर दोस्त. त्यांच्या टेम्पोला जाडा दोर बांधला, मागे गाडी, स्टीअरिंगवर मी आणि शेजारी माझी बायको सुमन. टप फाटलेलं, ऊन कडक, म्हणून तिने छत्री उघडली. टेम्पो द्राक्षाच्या क्रेट सांभाळाव्यात तसा हळू चाललेला. नाशिकरोडला ही गर्दी! एका सायकलवाल्याने वाकून विचारलं, "काकू, शूटिंग कुठंय?"

सुमनने चेहरा जराही हलू न देता सांगितलं, "द्वारकेला."

सात-आठ सायकली द्वारकेच्या चौकापर्यंत आमच्या मागे आल्या.

* * *

गाडी आमच्या दारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली आणि पहिल्याच रविवारी फाटकावर गायकवाड दिसले. दोन गल्ल्या सोडून राहायचे. बस डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले, आवाज डेपोतलाच. न विचारता आत आले, बॉनेट उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला, "विका साहेब. लोखंडाला जीव लावायचा नसतो."

त्याच वेळी समोरून देशपांडे सर आले. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, लग्न केलेलं नाही, रविवारी त्यांची खानावळ बंद असायची. त्यांनीही आत डोकावलं आणि म्हणाले की इतकं सुंदर यंत्र मोडीत काढणं हा गुन्हा आहे, ही बनवलीच पाहिजे. दोघांची जुंपली. सुमनने चहा आणला तरी थांबेनात, तेव्हा तिने नियम घातला की आधी प्रत्येकाने आपलं मत एका शब्दात सांगायचं, मगच कप मिळेल.

तेव्हापासून हीच पद्धत पडली. दर रविवारी शेडमध्ये मतदान, आणि मत मागायला स्वयंपाकघराच्या खिडकीत सुमन. गायकवाड नेहमी "विका". सर नेहमी "बनवा". अप्पा पिंपळगावहून यायचे आणि त्यांचं मत द्राक्षाच्या भावावर असायचं, भाव चढला की "बनवा", पडला की "विका". शेवटचं मत माझं. मी म्हणायचो, "पुढच्या रविवारी बघू."

मग चहा. मग काहीतरी खोलायचं, रॉकेलने पुसायचं आणि परत जागेवर बसवायचं. जेवायच्या वेळेला सगळे घरी. त्यात गाडीची प्रगती अशी काही होत नसे.

* * *

सरांचं म्हणणं, बनवायची तर मूळ रंगात. गाडी लाल होती, पण मूळची लाल आहे याला पुरावा काय? त्यांनी दारापाशी बोटभर जागा ब्लेडने खरवडायला घेतली. लालखाली निघाला क्रीम. पुढच्या रविवारी क्रीमखाली हिरवा. सर खूश. एक भिंग घेऊन आले आणि हिरवाही खरवडला, तर खाली करडा. आता हा करडा म्हणजे रंग की अस्तर, यावर दोन रविवार गेले. मग खाली गडद निळा लागला आणि सरांनी हात जोडले.

गायकवाड इतके दिवस बाजूला बसून बिडी ओढत होते. ते म्हणाले, "थांबू नका सर. अजून खरवडा, खाली बैलगाडी निघंल."

* * *

सीटची जबाबदारी अप्पांनी घेतली. पिंपळगावात आपला एक कारागीर आहे, त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही, असं सांगून दोन्ही सीट टेम्पोत घालून घेऊन गेले. आम्हाला वाटलं, टेम्पो-ट्रॅक्टरच्या सीट करणारा असेल, काळं रेक्झिन लावून देईल.

दोन महिन्यांनी सीट आल्या. लालभडक मखमल, कडेने सोनेरी गोंडे, पाठीवर मोर! अप्पांचा कारागीर मंडपवाला होता. नवरा-नवरीच्या खुर्च्या करायचा. दोन सीट बघितल्यावर त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

सर डोकं धरून बसले. गायकवाड म्हणाले की आता भटजी तेवढा बोलवा. अप्पांचा चेहरा पडला, तेव्हा सुमन पुढे झाली, पदर सावरून सीटवर बसली आणि म्हणाली, "आमच्या लग्नात लाकडी पाट होते. हे चांगलंय."

त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा आम्ही दोघं त्या गाडीत बसून प्यायला लागलो. शेडमध्ये, चाकांखाली विटा लावलेल्या गाडीत. ती डावीकडे, मी स्टीअरिंगवर. ती म्हणायची, आज कुठे जायचं? मी म्हणायचो, तू सांग. कधी ती त्र्यंबक म्हणायची, कधी तिचं माहेर, संगमनेर. कप रिकामे झाले की आम्ही पोहोचलेलो असायचो. मुलगा निखिल तोवर अमेरिकेत गेला होता आणि घरात बोलायला आम्ही दोघंच होतो, पण तेवढं पुरत होतं.

* * *

सुमन गेली तेव्हा सगळं इतकं भराभर झालं की मला नीट सांगतासुद्धा येणार नाही. निखिल आला, दिवस झाले, निखिल गेला. नातेवाइकांनी डबे धुऊन परत नेले. त्यानंतरचा रविवार उजाडला आणि मला वाटलं, आज कोणी येणार नाही.

तिघंही आले. सरांनी दोनदा घसा साफ केला. अप्पांनी टोपी काढली, परत घातली. मत मागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण मागणारी खिडकी बंद होती.

गायकवाडांनी बॉनेट उघडलं. आम्ही चौघं त्या बंद इंजिनाकडे बघत उभे राहिलो. कोणी काही खोललं नाही, कोणी काही पुसलं नाही. तासभर तरी झाला असेल. मग गायकवाडांनी बॉनेट हळूच लावलं आणि म्हणाले, "येतो साहेब. पुढच्या रविवारी."

नंतर अनेकांनी माझं सांत्वन केलं. त्यातलं एक वाक्य मला आठवत नाही. तो तास मात्र आठवतो.

* * *

एकट्या माणसाचा आठवडा फार लांब असतो. सोमवार ते शनिवार मी कामं करायचो, भाजी आणायचो, कुकर लावायचो आणि एका शिट्टीनंतर दुसरीची वाट बघायचो. चहाचा कप घेऊन शेडमध्ये जायचो, पण गाडीत बसवायचं नाही. उजव्या सीटवर बसलं की डावी सीट फारच मोकळी दिसायची.

रविवारी सकाळी निखिलचा फोन यायचा. त्याची तिकडे शनिवारची रात्र. आधी तो गाडीची तब्येत विचारायचा, मग माझी. माझी तब्येत एका वाक्यात संपायची. "ठीक आहे." पुढे दोघांनाही काही सुचायचं नाही. गाडीचं मात्र दहा मिनिटं चालायचं. तिथे बसून तो इंटरनेटवर काय काय वाचायचा आणि मला सांगायचा, बाबा, कार्बोरेटर असा बघा, तसा बघा.

मग मी कार्बोरेटर बरा होऊच दिला नाही. गायकवाडांनी तो केव्हाच साफ करून बसवला होता, पण फोनवर त्याची रडकथा चालूच. कधी गळतोय, कधी तुंबतोय, कधी दोन्ही. निखिल बिचारा काळजीने उपाय सांगायचा.

शेवटी एक दिवस अमेरिकेहून पार्सल आलं. आत नवाकोरा कार्बोरेटर! गायकवाडांनी तो हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि मला विचारलं, "साहेब, आपला तर चांगला हाय. ह्याला काय दुखतंय म्हणून सांगितलं?"

मी म्हटलं, "काही नाही, मुलगा हौशी आहे."

पुढच्या रविवारपासून मी फोनवर गिअरबॉक्सचं सुरू केलं.

* * *

तरी एक दिवस गाडी सुरू झाली. दोन हजारनंतरची गोष्ट. गायकवाडांचा हातखंडा आणि सरांचे पेन्सिलीने काढलेले वायरिंगचे नकाशे, यांच्या भांडणातून ती कशीबशी उभी राहिली. ज्या रविवारी इंजिन पहिल्यांदा पेटलं, त्या रविवारी गल्लीतल्या सगळ्या रिक्षा थांबल्या. पत्रा थरथरला, धूर झाला, अप्पांनी नारळ फोडला.

आता फेरी मारायची. सीट दोन, माणसं चार. स्टीअरिंगवर मी, कारण लायसन्स माझंच चालू होतं. शेजारी कोण, यावर पुन्हा वाद. सर म्हणाले वायरिंग माझं. गायकवाड म्हणाले इंजिन माझं. अप्पा म्हणाले सीट माझी, आणि ते आधीच मोरावर पाठ टेकून बसलेले! शेवटी अप्पा शेजारी, आणि हे दोघं रिक्षा करून आमच्या मागे.

द्वारकेच्या चौकापर्यंत गाडी राणीसारखी गेली. चौकाच्या बरोब्बर मधोमध बंद पडली. एका बाजूला आग्रा रोडचे ट्रक, दुसऱ्या बाजूला पुण्याच्या बस, मागे कांद्याचे टेम्पो, सगळ्यांचे हॉर्न. मागची रिक्षा थांबली. गायकवाडांनी तिथेच बॉनेट उघडलं आणि म्हणाले, "म्हणून सांगतो, विका." सर ओरडले, अहो, एवढ्याशा कारणासाठी कोणी विकतं का? अप्पा म्हणाले, भाव बघून सांगतो. नेहमीच्या सवयीने सगळे माझ्याकडे बघायला लागले.

वाहतूक पोलीस आमच्याजवळ येऊन हे सगळं शांतपणे ऐकत होता. तो म्हणाला, "काका, विकायची का ठेवायची ते आरामात ठरवा. पण चौकाच्या बाहेर!"

मग त्यानेच मागून धक्का दिला.

* * *

आता शेवटचा किस्सा.

एका रविवारी निखिल फोनवर सरळ म्हणाला, "बाबा, तुमच्यानंतर मला तिथे येऊन ती गाडी विकणं जमणार नाही. तुम्ही आहात तोवर काय ते करा." तो वाईट बोलला असं मी म्हणणार नाही. मी आयुष्यभर पक्षकारांना हेच सांगत आलो होतो. पण फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही.

त्या रविवारी माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "विका."

तिघांनी माझ्याकडे पाहिलं. गायकवाड म्हणाले, "चला, आली शेवटी अक्कल." सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अप्पांनी विचारलं, नक्की का? मी म्हटलं, नक्की.

नक्की कसलं? मला गाडीची पर्वा नव्हती, खरं सांगतो. मला रविवारची भीती वाटत होती. गाडी गेल्यावर ही माणसं माझ्याकडे कशाला येतील? चार रविवार येतील विचारपूस करायला. मग कोणाचा गुडघा दुखेल, कोणाकडे पाहुणे असतील, मग फोन, मग दिवाळीचा फोन. माझ्याकडे त्यांनी यावं असं माझ्यात तरी काय होतं? मी ना मेकॅनिक, ना प्रोफेसर, ना बागायतदार. मी म्हणजे ज्याच्या शेडमध्ये गाडी आहे तो माणूस. गाडी गेली की मी नुसता शेडवाला उरणार.

मुंबईचे एक कारखानदार गाडी बघायला येणार ठरलं. जुन्या गाड्यांचे शौकीन. फोटो त्यांना पसंत होते, मखमलीसकट. त्यांची एकच अट होती, गाडी त्यांच्यासमोर सुरू झाली पाहिजे आणि त्यांनी स्वतः ती चालवून बघितली पाहिजे. त्यात अडचण नव्हती. शनिवारी संध्याकाळी मी ती सुरू करून पाहिली, पहिल्या फटक्यात पेटली.

रविवारी तिघं नेहमीपेक्षा बरेच लवकर आले. प्रत्येकाने शेडमध्ये एकेक चक्कर मारली. मला वाटलं, निरोप घेतायत. मी आत पाहुण्यांसाठी पोह्यांच्या तयारीला लागलो, त्यांना त्यांचा वेळ दिला.

पाहुणे आले. मोठा सज्जन माणूस. गाडीभोवती दोनदा फिरले, नाकावरून हात फिरवला, मोराकडे बघून हसले. स्टीअरिंगवर बसले आणि स्टार्टर मारला. इंजिन गरगरलं, पेटलं नाही. पुन्हा मारला, पुन्हा तेच. गायकवाड बॉनेट उघडून आत वाकले, इकडे हात लाव, तिकडे ठोक, असं बराच वेळ केलं आणि मान हलवली. सर म्हणाले, हवेत दमटपणा आहे. ऐन एप्रिल महिना! अप्पा म्हणाले, जुनी वस्तू, तिची मर्जी. बॅटरी बसेपर्यंत प्रयत्न केले. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, चांगले झालेत म्हणाले, आणि नमस्कार करून गेले. परत फोन करतो म्हणाले, पण ते कसं म्हणतात ते आपल्याला कळतं.

त्यांची गाडी गल्लीच्या टोकाला वळली. आम्ही चौघं शेडमध्ये.

मग अप्पा हळूच गाडीच्या मागे गेले, खाली बसले आणि सायलेन्सरच्या नळीतून ओढून ओढून एक कांदा बाहेर काढला. चांगला मूठभर, लाल. माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, राग मानू नका. मला दुसरं काय सुचंना."

सर लाल झाले. त्यांनी चष्म्याचं घर उघडलं आणि आतून एक फ्यूज काढला. "मी आपला हा काढून ठेवला होता," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यामुळेच..."

गायकवाड इतके हसले की त्यांना खोकला लागला. "सर, ह्यो हॉर्नचा फ्यूज हाय! आन् अप्पा, कांद्यानं इंजिन थांबत नाय, पेटलं आसतं तर कांदा उडाला आसता गल्लीत!"

मीही हसायला लागलो होतो. मधेच थांबलो. "मग गायकवाड," मी विचारलं, "सुरू का झाली नाही?"

गायकवाड हसायचे थांबले. त्यांनी खिशात हात घातला आणि रोटर बाहेर काढला. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसतो तो, अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा. तो नसला तर दिवसभर स्टार्टर मारा, ठिणगी पडत नाही. त्यांनी तो रुमालाने नीट पुसला आणि माझ्या हातावर ठेवला.

"दूध हाय का घरात," ते म्हणाले, "का मी घिऊन येऊ?"